सुट्या चिऱ्याखालचा जावई

आमच्या घराच्या जोत्याचा एक चिरा सुटा होता. पायऱ्यांच्या बाजूला, तुळशीकडे तोंड करून बसलेला. सासरे असतानाच तो हलायला लागला होता. आधी चुना गेला, मग मागची मातीही पावसापावसाने गेली, आणि शेवटी दोन्ही हातांनी धरून ओढला की हललेला दात निघावा तसा बाहेर यायचा. गेल्या वर्षी कितीतरी महिने मी रोज सकाळी तो चिरा काढून आतली पोकळी बघत बसत होतो. त्याच वेळी आत, पडवीला लागून असलेल्या खोलीत, माझी बायको खाटेवर पडून माझी वाट बघत होती. या दोन गोष्टी मी आज पहिल्यांदाच शेजारी शेजारी लिहितो आहे.

घर तिचं आहे. मी जामसंड्याचा. लग्नानंतर आचऱ्याजवळच्या या गावात, तिच्या माहेरी राहायला आलो. ती एकुलती एक, सासऱ्यांना घर बंद पडलेलं नको होतं, आणि मला इथल्याच हायस्कुलात प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. बाटल्या धुवायच्या, मुलांना परीक्षानळ्या मोजून द्यायच्या, फुटल्या की ओरडायचं. घरजावयाला गाव विसरू देत नाही. इतकी वर्षं झाली, केस पिकले, तरी शेजारची काकी मला 'जावयांनू' अशीच हाक मारते. त्यात वाईट काही नसतं. पण ऐकताना दर वेळी पाय जरा आखडतोच. आम्हाला मूल नाही. तेव्हा घर म्हणजे आम्ही दोघं, आणि दगडी कुंपणाच्या गडग्यापलीकडून दिवसातून दोनदा येणारी ही काकी.

आंब्याचा हंगाम संपत आला होता. बायको मागच्या दारी बांगडे साफ करत होती. काकीला हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि ते वाकडंच राहिलं. मी शाळेत होतो. मला फोन आला तेव्हा काकीने एवढंच सांगितलं, "येवा, आनि गाडी घेवन येवा."

डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणं जड झालं, पण राहिलं. डाव्या अंगाला स्पर्श मात्र कळेना. चिमटा काढला तरी ती आपली छताकडे बघत असायची. साखरेचा त्रास तिला आधीपासून होताच. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की सकाळ-संध्याकाळ व्यायाम करून घ्या, पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल ते येईल. आणि टाच जपा. पडून पडून टाचेला जखम होते, यांना कळणार नाही, साखरेमुळे भरणार नाही. रोज बघत जा, म्हणाले. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून चांगला आहे.

महिना गेला, दुसरा गेला. हात हलेना. काकी म्हणाली, एकदा देवाला विचारा. मी विज्ञानाच्या प्रयोगशाळेतला माणूस, म्हणजे निदान विज्ञानाच्या कपाटांची किल्ली माझ्याकडे. एरवी मी गेलो नसतो. पण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि काही केलं नाही असं कुणी म्हणू नये, हेही मनात होतं. मी देवळात गेलो.

आमच्याकडे कौल कसा लावतात ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. देवाच्या मूर्तीवर उजवीकडे-डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न मोठ्याने सांगतात. उजवीकडची पाकळी आधी गळली तर होय, डावीकडची गळली तर नाही. गावच्या मानकऱ्याने हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरातली लेक खाटेक खिळली हा."

"व्हय म्हाराजा," बाकीचे म्हणाले.

"घराकडसून काय चुकला-माकला आसात तर दाखव."

"व्हय म्हाराजा."

पूर्वजांचं काही आहे का, विचारलं. डावी गळली. जागेच्या राखणदाराचं? डावी. मग मागे बसलेल्यांपैकी कुणाला तरी आठवलं की माझे सासरे दर शनिवारी मुंग्यांना मूठ घालायचे. तांदळाचं पीठ आणि चुरलेला गूळ, त्या सुट्या चिऱ्याच्या तोंडाशी. ते गेल्यावर मूठ बंद झाली. मुद्दाम कुणी बंद केली नव्हती. घरात माणसं कमी झाली की अशा गोष्टी आपोआप गळतात. पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मानकऱ्याने तो प्रश्न घातला आणि माझ्या डोळ्यांदेखत उजवीकडची पाकळी सुटून देवाच्या पायाशी पडली.

"मूठ चालू करा," मानकरी मला म्हणाला. "आनि ती उठापर्यंत घरातली एक मुंगी मारू नकात. बोला."

मी बोललो. देवासमोर, सगळ्यांदेखत, मोठ्याने.

घरी येऊन बायकोला अर्धंच सांगितलं. वडिलांची मूठ पुन्हा सुरू करायची आहे, म्हटलं. ती म्हणाली, "बाबांचा ता. बरा आसा." उरलेलं अर्धं का सांगितलं नाही याचं उत्तर मी पुष्कळ दिवस शोधलं. 'ती उठेपर्यंत' हे शब्द तिच्यासमोर उच्चारायला मला भीती वाटली असावी.

मूठ मी शनिवारची न ठेवता रोजची केली. तेवढीच आपली भर. मुंग्या पीठ उचलून चिऱ्याच्या फटीत नेत. त्या कुठे नेतात ते बघावं म्हणून एक दिवस चिरा ओढून काढला.

आत जांभ्याच्या पोकळीत मुंग्यांचं सगळं घर उघडं पडलं. बारीक तांबूस मुंग्या, मधूनच मोठ्या डोक्याच्या, आणि तुकडा तांदळासारखी त्यांची पांढरी पिल्लं, ढीग करून ठेवलेली. त्या ढिगाशेजारी मला बियाण्याच्या टरफलासारखं काही दिसलं. मग ते टरफल चाललं. काजूच्या बीच्या रंगाचा, तसाच तुकतुकीत, मुंगीच्या दुप्पट-तिप्पट लांबीचा भुंगेरा होता तो. डोक्यावर मिशांच्या जागी दोन फुगीर, चपटी बोंडं होती. अंगापेक्षा तीच जास्त भरायची. मुंग्या त्याच्याभोवती जमून ती बोंडं चाटत होत्या. एकीचं झालं की दुसरी. तो स्वस्थ उभा होता. नंतर सावकाश वळला, ढिगातलं एक पिल्लू तोंडाशी धरलं आणि तसाच राहिला. मुंग्या त्याच्या अंगावरून जात-येत होत्या. कुणीही त्याला हटकलं नाही.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मोबाइलवर फोटो दाखवला. ते वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, हौशी. त्यांनी तो कुणाकुणाला पाठवला आणि काही दिवसांनी मला गाठून सांगितलं की हा मुंग्यांच्या घरात राहणारा भुंगेरा, आपल्याकडे तो फारसा कुणी पाहिलेला नाही. जात नक्की सांगायची तर प्राणी हातात हवा. त्याच्या बोंडांवरच्या केसांच्या मुळाशी काहीतरी पाझरतं, त्याची मुंग्यांना चटक असते. काही जाती तर मुंग्यांच्या राणीसारखा आवाज काढतात, त्यामुळे मुंग्या त्यांना मानाने वागवतात. आणि तो जगतो मुंग्यांच्या पिल्लांवर.

"मारू नका हं, भाऊ," सर म्हणाले.

मी म्हटलं, मारत नाही. त्यामागे दुसरंच कारण होतं ते त्यांना कुठे माहीत.

त्याच संध्याकाळी मी बायकोला मोबाइलवर त्याची हालचाल दाखवली. काकी तिचे केस विंचरत होती, तीही वाकून बघायला लागली.

"ता काय?" बायकोने विचारलं.

"भुंगेरा."

"आनि त्यो मुंग्यो चाटतत कित्याक?"

"त्याच्या अंगातून काहीतरी पाझरतं. ते त्यांना आवडतं."

"आनि तो काय खाता?"

"त्यांची पोरं."

ती बराच वेळ बघत राहिली. मग तोंडाची चालणारी बाजू वर गेली. "जावय मगे," ती म्हणाली.

काकी फणी धरूनच हसायला लागली. "जावय नाय गो, घरजावय. भायलो जावय दोन दिस खाता नि जाता."

"काकी, तुमी बोला नकात. तो ऐकता."

"खयचो? चिऱ्याभुतूरलो काय चिऱ्याभायलो?"

दोघीही हसल्या. बायकोच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलं. आजारपणात ती पहिल्यांदाच हसली होती. मीही हसलो. खरं सांगतो, मला राग आला नाही. त्यानंतर रोज सकाळी मी आत गेलो की ती विचारायची, "जावय बरो आसा?" आणि मी सांगायचो. आज त्याने दोन पिल्लं खाल्ली. आज दोन मुंग्यांनी त्याला बोंडाला धरून ओढत आत नेलं. ती म्हणायची, "मान धरून व्हेल्यानी मगे. माझ्या बाबांका ह्या आधी सुचाक व्हया होता."

म्हणजे सुरुवातीला मी तो बघत होतो ते तिला सांगायला मिळावं म्हणून. हे खरं आहे आणि मी त्यालाच धरून बसलो होतो. कधी बदललं ते कळलं नाही. शाळेतून मी भिंग आणलं. बसायला पाट आणला. आतल्या खोलीत तेल, औषधं आणि ओल्या चादरींचा वास असायचा. व्यायाम करताना तिचा पाय माझ्या हातात ओल्या लाकडासारखा यायचा. ती म्हणायची, पुरे आता, आणि मी लगेच पुरे करायचो. सकाळचा व्यायाम आधी छोटा झाला, मग अंघोळीच्या घाईत गेला, मग संध्याकाळचाच राहिला. बाहेर चिऱ्यापाशी मात्र मला वेळेचं भान नसायचं. तिथे सगळं चाललेलं होतं. कुणीतरी खात होतं, कुणी चाटत होतं, कुणी पिल्लं इकडून तिकडे नेत होतं. बघणाऱ्याने काही करायचं नव्हतं.

त्यातच मी मनाशी एक खूण बांधली. जोवर तो भुंगेरा आत आहे तोवर मूठ मानवते आहे, आणि ती उठेल. हे कुणी सांगितलं नव्हतं. देवालाही विचारलं नव्हतं. रोज चिरा काढला की आधी त्यालाच शोधायचो आणि तो दिसला की बरं वाटायचं. त्या बऱ्या वाटण्यावर माझा दिवस निघायचा. तिची टाच बघणं या सगळ्यात कुठे बसत नव्हतं. टाचेवर मोजा असायचा. काकी अंघोळ घालते तेव्हा बघत असेल, असं मी धरलं. काकीने धरलं की मी बघत असेन.

रोजच्या पिठा-गुळाने मुंग्या वाढल्या. फटीतून त्यांची रांग जोत्यावर आली, जोत्यावरून खिडकीच्या चौकटीत, चौकटीतून आत. मी केरसुणीने हळूच सारायचो. खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. काकी कपाळावर हात मारायची.

"जावयांनू, पावडर मारा. आजारी माणसाच्या खोलीत ह्यां काय?"

"पावडरीने तिला खोकला येईल," मी म्हणायचो.

"आनि मुंग्यांनी काय येतला? झोप?"

बायको मध्येच म्हणायची, "ऱ्हवांदे काकी. बाबांच्यो मुंग्यो त्यो." तिला वाटायचं मी तिच्या बाबांसाठी जपतो आहे.

ती सकाळ सांगायची तर मला थोडं थांबावं लागतं.

मी चिरा काढला होता. भुंगेरा अगदी कडेला आला होता. तिला तो मोबाइलवरच दिसायचा, तर आज बाटलीत घालून प्रत्यक्ष दाखवावा, असं मनात आलं. मी दोन बोटांनी त्याला उचलला. बारीक फट् असा आवाज झाला आणि बोटाला चटका बसला. धुरासारखं काहीतरी उडालं. त्याने आपल्या बचावाचं जे होतं ते सोडलं होतं. माझ्या हातून तो सुटून परत आत गेला. बोटाच्या पेरावर तपकिरी डाग पडला होता, पुसून जात नव्हता. मी तो भिंगाखाली धरून बघत होतो, तेवढ्यात आतून काकीची हाक आली.

"जावयांनू. हंय येवा."

तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

काकीने मोजा काढला होता. भिंतीला टेकलेल्या गोधडीवरून मुंग्यांची रांग गादीवर उतरली होती आणि गादीवरून टाचेकडे गेली होती. वाट्यांतलं पाणी जिथल्या तिथे होतं. टाचेवर आतून ओली, कडेने काळी अशी जखम होती, आणि त्या जखमेत मुंग्या होत्या. ये-जा करत होत्या, घाई नसल्यासारख्या.

बायकोला आपला पाय दिसत नव्हता. ती आमचे चेहरे बघत होती.

"काय आसा?" तिने विचारलं.

मी काकीकडे पाहिलं.

"काकी, काय आसा?"

"मुंग्यो गो."

"खंय?"

"टाचेक."

ती म्हणाली, "माका कळाक नाय."

काकीने ओल्या फडक्याने मुंग्या टिपल्या. ती जखम नवी नव्हती, एवढं मलाही कळत होतं. मी कपाटातून पट्टी आणि जखमेवरच्या तपकिरी औषधाची बाटली आणली. ती खाटेशी ठेवताना बायकोची नजर माझ्या हाताकडे गेली.

"तुमच्या बोटाक काय झाला?"

"औषध लागलं," मी म्हटलं.

ती बाटलीकडे बघत राहिली. "बाटली अजून उघडूक नाय."

मग मी सगळं सांगितलं. काकी तिथेच बायकोचा पाय धरून उभी होती, तिच्यादेखत सांगितलं. चिरा, भिंग, व्यायाम, आणि देवळात बोललेलं उरलेलं अर्धं. तू उठेपर्यंत एक मुंगी मारणार नाही, असं बोललोय म्हटलं.

"उठापर्यंत," ती म्हणाली. "आनि उठलय नाय तर?"

मी पट्टीची गुंडाळी सोडायला लागलो.

"माझ्यासाठी बोललात. माका इचारलात?"

तिचा आवाज चढला नव्हता. दुपारी जेवायला काय करू, असं विचारावं तसं तिने ते विचारलं. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मला न विचारता तिने घरातली एक वस्तू हलवली नव्हती, घर तिचं असून.

डॉक्टर येऊन गेले. जखम साफ केली. आणखी खोल गेली तर पाय राहील असं सांगता येत नाही, म्हणाले, आणि खोलीत एक मुंगी दिसता कामा नये, म्हणाले. दुसऱ्या कुणी त्याच क्षणी पावडरीचा डबा आणला असता. मी देवळात गेलो. बोललेलं होतं, ते सोडवून घ्यायला हवं. एवढं पाहिल्यावरही माझा पाय देवळाकडेच वळला. ते भक्तीमुळे नव्हतं. ती उठली नाही तर दोष आपल्यावर येऊ नये, एवढंच होतं.

पाकळ्या लावल्या. वाऱ्याने गळू नयेत म्हणून गुरवाने पंखा बंद केला. मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं, शब्दातून मोकळा कर म्हणाला. आम्ही बघत बसलो. उजवी तशीच, डावीही तशीच. कुणाचा तरी मोबाइल वाजला, तो बाहेर गेला. घामाने माझा सदरा पाठीला चिकटला. पाकळ्या सुकत चालल्या होत्या आणि सुकताना आणखी घट्ट बसत होत्या.

"आज देव बोलणा नाय," गुरव शेवटी म्हणाला. "सोमवारी येवा."

घरी आलो तेव्हा बायको जागी होती. काकी खाटेजवळ स्टुलावर बसून हातातल्या फडक्याने गादीच्या कडा पुसत होती.

"काय बोललो देव?"

"काही नाही. सोमवारी या म्हणाले."

"सोमवारपर्यंत माझी टाच ऱ्हवतली काय, ता इचारलात?" ती म्हणाली. मग जरा दम घेऊन, "देवान डावो दिल्यान तो माका दिल्यान. तुमका कित्याक व्हयो उजवो? जावा, पाणी तापवा."

मी पातेलं चुलीवर ठेवलं. मागच्या दारी बांगडे साफ करायची ती जागा तिथून दिसते. पाणी उकळेपर्यंत मी तिकडे बघत राहिलो. पातेलं घेऊन पुढच्या दारी निघालो, तेव्हा खाटेवरून ती म्हणाली, "आधी जावयाक भायर काढा."

तिने हे का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित त्या पाहुण्यावर तिचा जीव जडला असेल. कदाचित माझी कीव आली असेल. दुसऱ्या शक्यतेने मला जास्त त्रास होतो.

मी पातेलं पायरीवर ठेवलं आणि चिरा काढला. मुंग्या होत्या, पिल्लं होती, तो दिसेना. काडीने माती बाजूला केली. एक फट, मग आतली दुसरी. भिंग आणलं. हात आत घालून चाचपलं. मुंग्या मनगटापर्यंत चढल्या, चावल्या. मी शोधत राहिलो. किती वेळ गेला ते माझ्या लक्षात आलं नाही. आलं ते खिडकीतून तिच्या आवाजाने.

"पाणी थंड झाला असतला."

झालं होतं. बोट बुडवलं तर नुसतं कोमट.

शेवटी तो एका पिल्लांच्या ढिगाखाली मिळाला. या वेळी मी त्याला काडीवर घेतला. शाळेतली एक रुंद तोंडाची बाटली होती, तिच्यात माती, थोड्या मुंग्या, चिमूटभर पिल्लं घातली आणि वर फडकं बांधलं. पाणी पुन्हा तापवलं आणि ओतलं. वाफेबरोबर ओल्या मातीचा आणि आंबूस असा वास आला. पिल्लं पाण्याबरोबर वाहत पायरीवर आली, तांदूळ धुताना हातातून निसटावे तशी. रोज मी त्यांना पीठ घालत होतो. काकी दारात उभी होती, ती तोंड फिरवून आत गेली. मी आणखी एक पातेलं ओतलं. मग मागून आणलेल्या सिमेंटने चिरा बसवून टाकला. हात वाकडा चालला, चिरा अजूनही जरा पुढे आलेला आहे.

बाटली मी बायकोच्या खोलीतल्या फळीवर ठेवली, तिला दिसेल अशी. आधी मुंग्या मेल्या. भुंगेरा त्यांच्यानंतर काही दिवस होता. काचेच्या कडेने फिरायचा, थांबायचा, बोंडं उभारून उभा राहायचा. चाटायला कुणी नव्हतं. एका सकाळी तो उताणा पडलेला दिसला. सरांना द्यायचा राहिलाच.

मी बाटलीशी उभा होतो. ती मागून म्हणाली, "मेलो?"

"होय."

"तुमच्या बोटावरचो डाग?"

"गेला."

"बरा झाला." मी बाटली घेऊन बाहेर जायला वळलो. "ती ठेवा. ता भिंग घेवा आनि हंय येवा."

मी भिंग घेतलं. तिच्या पायाशी बसलो, पट्टी सोडली आणि टाचेवर भिंग धरलं. त्या भुंगेऱ्याच्या एकेका बोंडाबद्दल मी तासन्‌तास बोलू शकलो असतो. इथे नीट दिसायलाच वेळ लागला. कडेची काळी रेघ होती, तिच्या आत पिवळट, आणि जिथे गुलाबी यायला हवं म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं तिथे गुलाबी काही नव्हतं.

"काय दिसता?"

बरी होतेय, हे शब्द तोंडात आले होते. तेही मला चांगलं जमतं. मी ते गिळले.

"वाढलीय," मी म्हटलं.

ती छताकडे बघत होती. "सरळ सांगलात ता बरा केलात," ती म्हणाली. "आता रोज बघा. आनि माका सांगा."

मुंग्या पुन्हा आल्या आहेत, मागच्या दाराने, दुसऱ्या कुठल्या तरी. काकी दर आठवड्याला पावडरीची रेघ ओढते. सोमवारी मी देवळात गेलो नाही, त्यानंतरच्याही नाही. डावा हात तसाच आहे. मी सकाळी चहाच्या आधी पट्टी सोडतो, भिंग धरतो आणि जे दिसतं ते तिला सांगतो. आज सकाळी सांगितलं की काळी रेघ घोट्याच्या बाजूला सरकली आहे. ती म्हणाली, "किती?" मी बोटाने तिच्या चांगल्या पायावर तेवढं अंतर दाखवलं, म्हणजे तिला कळावं.